हौशी ड्रोन-उड्डाण : सवलत आणि जबाबदारी



२५ ऑगस्ट २०२१ रोजी प्रसिद्ध झालेल्या ड्रोन नियमांनी हौशी मंडळींचा मार्ग पुष्कळ सुकर केला. २५० ग्रॅमपर्यंतचा ‘नॅनो’ ड्रोन, तसेच केवळ छंदासाठी २ किलोपर्यंतचा ‘मायक्रो’ ड्रोन उडविण्यास चालक-प्रमाणपत्र लागत नाही. परंतु ही सूट म्हणजे आकाशाची सनद नव्हे. हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांची मर्यादा आहे. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ती २०० फुटांवर येते. पिवळ्या क्षेत्रात हवाई वाहतूक नियंत्रकांची, तर लाल क्षेत्रात केंद्र सरकारची परवानगी आवश्यक. दाबोळी व मोपा असे दोन विमानतळ असलेल्या आपल्या चिमुकल्या गोव्यात याचे महत्त्व विशेष. उतरत्या विमानातील प्रवाशांचे प्राण आपल्या छंदाहून मोलाचे आहेत. म्हणून उड्डाणापूर्वी क्षेत्र-नकाशा पाहणे हा आपला नित्यनेम असावा.