एकच तिकीट, इंदापूर

(पॉडकास्टच्या ताज्या भागाचा हा लिखित मजकूर. ऐकायला वेळ नसेल तर वाचा, वाचायला कंटाळा येत असेल तर ऐका.)

हेडफोन लावून मेट्रोत उभे असाल, नाहीतर हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकला असाल. असू दे, आज आपल्याला प्रवासावरच बोलायचंय. एकट्याच्या प्रवासावर.

मी बत्तीस वर्षांचा आहे. गाव इंदापूर तालुक्यात, नोकरी पुण्यात, लग्न झालेलं नाही. गेल्या काही वर्षांत मी एकटा हंपी फिरलो, स्पितीला जाऊन आलो. फोटो टाकले की खाली कमेंट यायच्या, "सोलो ट्रिप! भारी रे!" आता तोच मी, तीच सॅक पाठीला लावून इंदापूरच्या स्टँडवर उतरतो, तेव्हा भेटणारा पहिला माणूस विचारतो, "एकटाच आलास?" म्हणजे हंपीत मी सोलो असतो आणि इंदापुरात एकटा.

मागच्या महिन्यात शनिवारी सकाळी स्वारगेटवरून एसटी पकडली. कंडक्टरनं विचारलं, "किती?" म्हटलं, "एक. इंदापूर." शेजारी एक आजी बसल्या होत्या. एसटीत २०२३ च्या मार्चपासून बायकांना अर्धं तिकीट आहे आणि पंचाहत्तरी ओलांडली की प्रवास फुकट. गाडी गच्च भरलेली, त्यात पूर्ण पैसे मोजणारे आम्ही मोजकेच. आजी माझ्या तिकिटाकडं बघून म्हणाल्या, "लगीन कर की बाबा, म्हंजी बायकूचं तरी अर्ध्यात हुईल!"

मी हसलो. पण आजी थांबल्या नाहीत. यवत येईपर्यंत त्यांना माझी नोकरी कळली होती, पाटस येईपर्यंत पगार. आणि मग तो प्रश्न आला, "पुण्यात सोताचं घर हाय का?"

इथं मी गप्प झालो. कारण त्याच प्रश्नासाठी मी गावी चाललो होतो.

झालं असं होतं, की एक स्थळ आलं होतं. पत्रिका जुळली, फोटो पसंत पडले, पगाराची स्लिपसुद्धा व्हॉट्सअॅपवर गेली. मग त्यांच्या मामांचा निरोप आला, "फ्लॅट बुक केला की पुढचं बोलू." गंमत म्हणजे मी आणि ती मुलगी, आम्ही एकमेकांशी एक शब्दही बोललो नव्हतो. बोलणी चालली होती ती माझ्या आणि एका न घेतलेल्या फ्लॅटच्या लग्नाची.

मी हिशोब केला. पासष्ट लाखांचा फ्लॅट. वीस टक्के आपले, वर मुद्रांक शुल्क आणि बाकीचा खर्च, म्हणजे हातात अठरा लाख पाहिजेत. उरलेल्या बावन्न लाखांचं कर्ज, महिन्याला पंचेचाळीस हजार हप्ता, वीस वर्षं. फिटेल तेव्हा मी बावन्न वर्षांचा असेन. आणि हे सगळं कशासाठी, तर बायोडेटात एक ओळ वाढावी म्हणून.

हे मी आईला फोनवर सहज बोललो. दोन दिवसांनी अण्णांचा फोन आला. "अठरा लाखाचं मनाला लावून घिऊ नको. हिरीजवळचा येकर काढू. गिऱ्हाईक हाय."

मंडळी, तुमच्यापैकी ज्यांच्या घरी शेती आहे, त्यांना हे वाक्य कसं लागतं ते सांगायला नको.

भिगवण सोडलं की पुढं डाव्या हाताला उजनीचं पाणी दिसायला लागतं. पुण्याचे लोक हिवाळ्यात तिथं फ्लेमिंगो बघायला येतात. ऑफिसातले मला विचारतात, "तुमच्याकडचंच ना ते? कसलं सुंदर आहे!" आहेच सुंदर. पण भीमेवरचं हे धरण १९८० साली पूर्ण झालं, आणि त्या पाण्याखाली माझ्या आजोबांच्या जमिनीचा चांगला तुकडा आहे. उन्हाळ्यात धरण फार आटलं की पळसदेवचं जुनं देऊळ पाण्याबाहेर येतं. लहानपणी अण्णा ते दाखवायचे आणि मग हात लांब करून म्हणायचे, "तिकडं, त्या बाजूला आपलं रान व्हतं." मला तर नुसतं पाणीच दिसायचं.

जे वर राहिलं ते साडेचार एकर. ऊस आणि थोडं डाळिंब. ते कसतो माझा धाकटा भाऊ. तो तीस वर्षांचा. त्याचंही लग्न झालेलं नाही. आणि त्याचं एकटेपण माझ्यासारखं नाही. माझ्याकडं निदान "फ्लॅट घे, मग बघू" म्हणणारे आहेत. त्याच्याकडं कुणी बघायलाच येत नाही. निर्व्यसनी, कष्टाळू, घरची शेती. पण पुढचा शब्द "शेतकरी" आला की फोन ठेवला जातो.

तुम्हाला आठवत असेल, डिसेंबर २०२२ मध्ये आमच्या शेजारच्या सोलापुरात लग्नाळू मुलांनी मोर्चा काढला होता. नवरदेवाचा पोशाख, मुंडावळ्या, घोडे, वाजंत्री, आणि वरात कुठं, तर कलेक्टर ऑफिसवर! सगळ्यांनी रील म्हणून बघितलं, हसले. पण त्यांची मागणी होती गर्भलिंगनिदान रोखणारा कायदा कडक राबवा. तो कायदा १९९४ चा. म्हणजे त्या घोड्यांवर बसलेल्यांपैकी बरेच जण कायद्याच्याच वयाचे.

आणि मुलींना तरी कुठल्या तोंडानं बोलणार? माझ्या आईच्या हातांना उसाच्या पाचटानं पडलेले चरे मी बघितलेत. माझ्या ताईचं लग्न ठरवताना आम्हीच म्हणालो होतो, "शेतकरी नको, पिंपरीचा कंपनीतला बघू." आम्ही म्हणजे मीसुद्धा. धाकटा तेव्हा तिथंच बसून ऐकत होता.

तर त्या शनिवारी जेवणं झाल्यावर मी अण्णांना म्हटलं, एकर विकायचा नाही. ते म्हणाले, "धरणाला घेतलं तवा आमाला कुणी इचारलं न्हाई. ह्ये तर आपण आपल्या मर्जीनं इकतोय." मी विचारलं, "अण्णा, मर्जी कुणाची? धाकट्याला विचारलं का?"

कुणीच काही बोललं नाही. धाकटा ताटाकडं बघत म्हणाला, "दादाचं व्हत असंल तर इका. माझं तसंबी काय अडलंय."

हे "माझं तसंबी" मी रात्रभर विसरलो नाही. विहिरीजवळचा एकर गेला तर उरलेल्या रानाला पाणी कुठून? माझं पुण्यात "सेटल" होणं त्याच्या पाण्यावर होणार होतं.

झोप येईना, तेव्हा मला वारी आठवली. तुकोबांची पालखी दरवर्षी आमच्या तालुक्यातनं जाते, इंदापुरात रिंगण होतं. आमच्या पडवीत एक म्हातारी वारकरीण मुक्कामाला असायची. घरचं कुणी बरोबर नाही. तिला आमच्या घरात कुणी कधी "एकट्याच?" असं विचारल्याचं मला आठवत नाही. "माऊली, चहा घेता का?" एवढंच. तिच्या बोचक्यात एक जादा लुगडं आणि टाळ. आम्ही मात्र तीच माणसं, वारी पुढं गेली की एकमेकांना लगेच विचारायला लागतो, किती पगार, किती एकर, किती बीएचके.

रविवारी सकाळी मी मामांना फोन केला. सांगितलं, फ्लॅट घेणार नाही, निदान जमीन विकून नाही. भाड्याच्या घरात राहतो, तिथंच संसार करायची तयारी आहे. मुलीची इच्छा असेल तर तिच्याशी एकदा बोलायला आवडेल. ते म्हणाले, "कळवतो." अजून कळवलेलं नाही. बहुतेक कळवणारही नाहीत. वाईट वाटलं का? वाटलं. खोटं कशाला बोलू. रविवारी रात्री पुण्यातल्या खोलीत दिवा लावताना एकटं वाटतंच. सोलो ट्रिपच्या फोटोत ते दिसत नाही एवढंच.

पण संध्याकाळी धाकटा मला मोटारसायकलवरनं स्टँडवर सोडायला आला होता. अण्णांनी गिऱ्हाइकाला नाही म्हणून सांगितल्याचं त्यानंच मला सांगितलं. मग म्हणाला, "दादा, पुढच्या ट्रिपला मला घिऊन जाशील का? तुझ्या त्या हंपीला?" तीस वर्षांचा माणूस, कारखाना आणि मार्केट यार्ड सोडून कुठं गेलेला नाही. मी इतकी वर्षं सोलोचे फोटो टाकत होतो, आणि त्याला एकदाही "येतोस का" म्हणून विचारलं नव्हतं.

ऊस गेला की जानेवारीत जायचं ठरलंय. त्या दिवसांत डाळिंबाला पाणी अण्णा देतील.

तुमच्या घरात असा कुणी आहे का, ज्याला "तुला काय पाहिजे" हे विचारायचं राहून गेलंय? व्हॉइस नोट पाठवा, ऐकीन नक्की. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.