पुस्तक मिटल्यावरचा अभ्यास
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला विषय दिला आहे, 'शाळेतले जीवशास्त्र आणि आपले घर'. मी अनेक वर्षे माध्यमिक शाळेत हा विषय शिकवला. त्या अनुभवातले चार शब्द आपल्यापुढे ठेवते.

परीक्षा जवळ आली की एक तक्रार घरोघरी ऐकू येते. "बाई, मुलगी रात्री अकरापर्यंत वाचते, पण पेपरात काही आठवत नाही." भगिनींनो, अशा वेळी मुलीला आळशी किंवा मठ्ठ ठरवू नका. दोष असतो तो उजळणीच्या रीतीत. तोच पाठ चारदा वाचला की शब्द ओळखीचे होतात आणि ओळखीचे झाले म्हणजे आपल्याला आले, असे वाटू लागते. बाजारात चेहरा ओळखीचा दिसावा आणि नाव मात्र ओठांवर येऊ नये, तशातला हा प्रकार.

रोडिगर व कार्पिकी या अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली याविषयीचे प्रयोग प्रसिद्ध केले. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हा वाचला; काहींनी तो बाजूला ठेवून आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी पाहिले तर वाचणारे पुढे होते. आठवड्याने पाहिले तेव्हा लिहून काढणाऱ्यांना सुमारे ५६ टक्के आठवत होते, नुसते वाचणाऱ्यांना ४२ टक्के. म्हणजे खरी उजळणी पुस्तक मिटल्यावर सुरू होते.

समजा, हृदयाचा पाठ चालला आहे. मुलीने पुस्तक मिटावे आणि कोऱ्या कागदावर चार कप्पे, झडपा आणि रक्ताची वाट काढावी. मग पुस्तक उघडून जे राहिले असेल ते लाल पेन्सिलीने भरावे. दुसऱ्या दिवशी त्या लाल भागावर आधी लक्ष द्यावे. तीन दिवसांनी आणि आठवड्याने पुन्हा नवा कोरा कागद घ्यावा.

आपण म्हणाल, "आम्हांला कुठे जीवशास्त्र येते?" येत नसले तरी चालेल. ज्याला ठाऊक नाही त्याला सांगताना मुलीला काही गाळता येत नाही. आपण पोळ्या लाटता लाटता एवढेच विचारा, "असे का गं?" हृदयाच्या खालच्या डाव्या कप्प्याची भिंत उजव्यापेक्षा जाड का? कारण उजव्याला रक्त शेजारच्या फुप्फुसांत पाठवायचे असते. डाव्याला ते सर्व अंगभर पोचवायचे असते. हे कारण तिच्या तोंडून एकदा निघाले की घोकावे लागत नाही. तसेच रोहिणी आणि नीला. 'रोहिणीत शुद्ध रक्त' असे मुले पाठ करतात आणि फुप्फुसाच्या रोहिणीपाशी अडतात. रोहिणी हृदयापासून रक्त नेते, नीला ते हृदयाकडे आणते, एवढे समजले की गोंधळ संपला.

प्रयोगशाळाही घरातच आहे. काकडीच्या फोडींना मीठ लावले की पाणी सुटते, ते परासरण. मटकीला मोड येतो तेव्हा आधी बाहेर डोकावते ते आदिमूळ. अंगणातली एक जास्वंद ब्लेडने सावकाश उभी चिरा. पाच पाकळ्या, नळीसारखे जुळलेले पुंकेसर, टोकाशी पाच ठिपके आणि तळाशी बीजांडकोश. एका फुलात अर्धा पाठ झाला!

आता एका पाठाबद्दल मी स्पष्ट बोलणार आहे. कित्येक वर्गांत प्रजननाचा पाठ "घरी वाचून या" म्हणून उरकला जातो, आणि घरी मुलगी तो चोरून वाचते. गुणांचे सोडा, पण तिच्याच शरीरात काय घडते हे तिला कोणी सांगायचे? गर्भधारणा झाली नाही की गर्भाशयाचे आतले अस्तर गळून पडते, ती मासिक पाळी. यात विटाळ कसला? आपल्या पचनाइतकीच ती शरीराची साधी क्रिया आहे.

याच अभ्यासात आणखी एक गोष्ट येते, आणि ती प्रत्येक सासूने, प्रत्येक नवऱ्याने ऐकावी. माणसाच्या पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. आईच्या अंडपेशीतून एक्स गुणसूत्रच येते. बापाच्या शुक्रपेशीतून एक्स किंवा वाय. एक्स आले तर सामान्यतः मुलगी, वाय आले तर मुलगा. नेटी स्टीव्हन्स या अमेरिकन विदुषीने १९०५ साली पिठात होणाऱ्या भुंगेऱ्यांवर काम करून असा उलगडा केला की, नराच्या शुक्रपेशी दोन प्रकारच्या असतात आणि त्यांवर लिंग ठरते. विल्सन यांनीही त्याच वर्षी तसेच निष्कर्ष मांडले. त्यानंतरही किती सुनांनी 'मुलीच होतात' म्हणून बोल ऐकले! गर्भलिंगनिदान रोखण्यासाठी महाराष्ट्राने १९८८ मध्ये कायदा केला, देशाने १९९४ मध्ये. कायदा यंत्रावर नजर ठेवील. मनातला बोल मात्र हा पाठच पुसू शकेल. म्हणून तो गाळू नका. मुलीकडून ऐका, आणि मुलाकडूनही ऐका.

माझी मंडळाला एक विनंती आहे. आठवड्यातून एक तास ही खोली नववी-दहावीच्या मुलामुलींना द्यावी. शिकवणीवर्ग नको, फी नको. एक फळा, थोडा खडू आणि ऐकायला बसणाऱ्या दोघी-तिघी भगिनी पुरे. मुलांनी पुस्तक मिटून उभे राहावे आणि समजावून सांगावे, आपण न संकोचता "का?" विचारावे. मुलांची उजळणी होईल, आणि आपल्यापैकी जिचे शिक्षण सातवीत सुटले तिचा पाठ पुन्हा सुरू होईल.