बैलाचे डोके



घरात एखादी मोडकी सायकल किंवा फाटका फुटबॉल असतो. "टाकून द्या तो कचरा!" असे आपण चटकन म्हणतो. पण टाकण्यापूर्वी त्या वस्तूकडे एकदा नीट पाहा.

पाब्लो पिकासो हे स्पेन देशात जन्मलेले थोर कलावंत. १९४२ साली ते पॅरिस शहरात राहत होते. तेव्हा दुसरे महायुद्ध चालू होते. एकदा जुन्या सामानात त्यांना सायकलची सीट व गंजलेले हँडल दिसले. सीट एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला निमुळती होती. हँडलची टोके वळलेली होती. पिकासोंनी सीट उभी धरली आणि तिच्या वरच्या बाजूला हँडल जोडले. काय तयार झाले, ओळखा बरे? बैलाचे डोके! सीट झाली तोंड आणि हँडल झाले शिंगे. हे शिल्प आज जगभर प्रसिद्ध आहे.

तुम्हीही असे शिल्प करून पाहा. फुटबॉलच्या तुकड्यांत कासवाची पाठ दिसते का? मोडक्या रॅकेटमध्ये मोराचा पिसारा दिसतो का? वस्तू आधी धुऊन घ्या. गंजलेल्या किंवा धारदार वस्तूला हात लावू नका. ते काम मोठ्या माणसांना करू द्या.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. पंक्चर काढून चेंडू खेळता येत असेल, तर तो खेळायलाच ठेवा. जे खरोखर निरुपयोगी झाले, त्यातूनच शिल्प करा.

टाकाऊतून टिकाऊ करायला पैसे लागत नाहीत. लागते ती पाहणारी नजर!