सुटलेल्या माणसाचा सोबती

(पालकांच्या सभेंत दिलेलें व्याख्यान)



दहावी-बारावी झालेल्या मुलामुलींनीं पुढें काय करावें, ह्याविषयीं चार शब्द सांगावे असा तुमचा आग्रह आहे. ही चिंता आज घरोघर आहे. वांटण्या होऊन शेत दोन-अडीच एकरांवर आलें. सुताराच्या वाकसाला आणि लोहाराच्या भात्याला पूर्वीसारखें काम राहिलें नाहीं. मग बाप म्हणतो, पोराला पोलिसांत घाला, तलाठी करा, नाहीं तर पुण्याच्या कारखान्यांत चिकटवा. तें सर्व ठीकच आहे. परंतु एक धंदा असा आहे, कीं त्याचें नांव आपल्या सभांत कोणी काढीत नाहीं, आणि त्याची गरज मात्र आपल्यासारख्यांच्याच घरांना अधिक आहे. तुरुंगांतून सुटून आलेल्या माणसाला हाताशीं धरून पुन्हां संसाराला लावणें, हा तो धंदा. शहरांत ह्याला केस मॅनेजमेंट म्हणतात. नांव अवघड आहे. काम मात्र तुमच्या ओळखीचें आहे.

कोणी म्हणेल, "मास्तर, आमच्या लेकरांना चोरांच्या संगतीला लावतां काय?" बाबांनो, रागावण्यापूर्वी तुरुंगांत कोण बसला आहे तें तरी पाहा. सरकारनेंच छापलेला हिशेब आहे. २०२२ साल संपलें त्या दिवशीं देशांतील तुरुंगांत ५,७३,२२० माणसें होतीं. त्यांपैकीं ४,३४,३०२ कच्चे कैदी होते. कच्चा कैदी म्हणजे ज्याचा गुन्हा अद्याप सिद्ध झालेला नाहीं असा माणूस. म्हणजे शंभरांतले पंचाहत्तरांहून अधिक लोक निकालाची वाट पाहत आंत बसलेले! त्यांत श्रीमंताचा मुलगा किती दिवस राहतो? त्याचा वकील दुसऱ्या दिवशीं जामिनाचा कागद घेऊन उभा राहतो. आंत राहतो तो ज्याला जामीनदार मिळत नाहीं, ज्याच्या जामीनदाराला ऐपतीचा दाखला मिळत नाहीं, किंवा ज्याच्या बायकोला तालुक्याचें कोर्ट कोणत्या रस्त्याला आहे हेंच ठाऊक नाहीं.

ह्याचा एक दाखला सर्वोच्च न्यायालयाच्या दप्तरांतच आहे. मध्य प्रदेशांत मोतीराम नांवाचा एक गवंडी होता. त्याला जामीन मिळाला, पण खालच्या कोर्टानें दहा हजार रुपयांचा जामीनदार मागितला. भाऊ जामीन राहण्यास तयार झाला, तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यांत आहे म्हणून तो नाकारला. शेवटीं १९७८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तो हुकूम फिरवला आणि त्या गवंड्याला त्याच्या स्वतःच्या एक हजार रुपयांच्या मुचलक्यावर सोडलें. न्याय झाला खरा. पण एवढ्याशा गोष्टीसाठीं गवंड्याला दिल्लीपर्यंत धांव घ्यावी लागली. ज्याला दिल्ली गांठतां येत नाहीं त्यानें काय करावें?

आतां माणूस सुटला असें समजा. दार उघडलें म्हणजे संपलें, अशी लोकांची समजूत आहे. खरी अडचण तेथून पुढें सुरू होते. सुटकेचे कागद पुरे होतां होतां पुष्कळदां संध्याकाळ होते. गांवाची शेवटची एस. टी. गेलेली असते. आधारकार्ड कोठें आहे तें ठाऊक नसतें. पुढची तारीख कोणती, तें वकिलाला विचारायचें राहिलेलें असतें. आणि ती तारीख चुकली कीं वॉरंट निघून तोच माणूस पुन्हां आंत जातो. क्षयाची किंवा मनाच्या आजाराची औषधें आंत मिळत होतीं, तीं बाहेर कोणत्या दवाखान्यांत मिळतील हें कोणी सांगितलेलें नसतें. घरीं जावें तर भावानें वेगळी चूल मांडलेली असते, आणि मुलांचीं नांवें शाळेंतून कमी झालेलीं असतात. अशा माणसाला पहिली हांक कोण मारतो? दारूच्या गुत्त्यावरचा जुना सोबती. मग आपण पारावर बसून म्हणतों, "सुंभ जळाला तरी पीळ जळत नाहीं." अहो, त्याला दुसरा सोबती तुम्हीं दिलात कोठें?

हा दुसरा सोबती होणें हाच तो धंदा. त्याचें काम सुटकेच्या आधींच सुरू होतें. तो तुरुंगांत जाऊन माणसाला भेटतो आणि विचारतो: घरीं कोण आहे, डोक्यावर कर्ज किती, हातांत कसब कोणतें, आजार कोणता, ज्याचें नुकसान केलें तो शेजारींच राहतो काय? मग दोघे बसून कोणतें काम आधीं आणि कोणतें मागून, तें ठरवतात. सुटण्याच्या दिवशीं तो दाराशीं हजर राहतो किंवा घरच्यांना हजर ठेवतो. पहिल्या पंधरा दिवसांत कागदपत्रें, कोर्टाची तारीख, औषध आणि निजण्याची जागा हीं चार कामें उरकतो. त्यानंतर रोजगार, घरच्यांशीं समेट आणि मुलांची शाळा. प्रत्येक भेटीची नोंद वहींत करतो. जसजसा माणूस स्वतःच्या पायावर चालूं लागतो, तसतसा हा मागें सरतो. रोप लावल्यावर पहिले कांहीं दिवस पाणी रोज द्यावें लागतें, पण झाड झाल्यावरही कोणी बुंध्याशीं घागर घेऊन बसत नाहीं, तसें हें आहे.

ह्या धंद्याचा मूळ पुरुष कोण म्हणाल, तर अमेरिकेंतल्या बोस्टन शहरांतला जोडे शिवणारा एक कारागीर. त्याचें नांव जॉन ऑगस्टस. १८४१ सालीं तो कोर्टांत बसला असतां एका दारुड्याला पुढें आणलें. तो माणूस सुधारेल असें ऑगस्टसला वाटलें आणि तो त्याला जामीन राहिला. तीन आठवड्यांनीं दोघे कोर्टांत आले, तेव्हां तो माणूस पार बदललेला होता. न्यायाधीशानें त्याला एक सेंट, म्हणजे नांवापुरता दंड केला. तेव्हांपासून १८५८ पर्यंत ह्या जोडेवाल्यानें १,९४६ माणसांचा जामीन घेतला. तो डोळे मिटून कोणालाही जामीन राहत नसे. माणसाचें मागचें वर्तन पाही, त्याला काम मिळवून देई किंवा शाळेंत घाली, आणि त्याच्या वागणुकीची खरी हकीकत कोर्टाला कळवी. पुढें १८७८ सालीं त्या प्रांतानें ह्या कामासाठीं पगारी माणूस नेमण्याचा कायदा केला. कारागिराच्या दुकानांत जन्मलेलें हें काम आपल्या मुलांना कमी दर्जाचें कां वाटावें?

आपल्याकडेही ह्याची वाट पडलेली आहे. १९३९ सालीं औंध संस्थानांत आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवलें. तेथें कैद्यांना भिंतीआड न कोंडतां कुटुंबासह शेतीवर ठेवण्यांत आलें. १९५८ सालीं अपराधी परिवीक्षा अधिनियम झाला. ह्या कायद्यानें योग्य प्रसंगीं गुन्हा शाबीत झालेल्यालाही तुरुंगांत न पाठवतां चांगल्या वर्तनाच्या बोलीवर सोडतां येतें. त्याच्यावर देखरेख ठेवण्यास आणि त्याला मदत करण्यास परिवीक्षा अधिकारी असतो. १९९० सालीं मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेनें 'प्रयास' हा प्रकल्प सुरू केला. पोलीस, कोर्ट आणि तुरुंग ह्यांच्या फेऱ्यांत सांपडलेल्यांसाठीं तो चालवलेला आहे.

येथें एक भेद नीट ध्यानांत घ्या. पाळत ठेवणें वेगळें आणि सोबत करणें वेगळें. १८७१ च्या कायद्यानें इंग्रजांनीं कित्येक जमातींवर जन्मानेंच गुन्हेगारीचा शिक्का मारला, आणि त्यांच्या माणसांना पोलिसांपुढें हजेरी देण्यास लावलें. त्या हजेरीनें चोर कमी झाले नाहींत. मजुरीचे दिवस मात्र बुडाले. शाहू छत्रपतींनीं १९१८ सालीं कोल्हापुरांत ती हजेरी बंद केली आणि त्या लोकांना काम दिलें. बाकीच्या देशांत तो कायदा १९५२ सालीं रद्द झाला. शिक्का गेला, तरी लोकांच्या मनांतला संशय पुरता गेलेला नाहीं. ज्याला हा धंदा करायचा आहे त्यानें हजेरीवाला होऊं नये. "काल रात्रीं कोठें होतास?" असा दरडावणारा एक माणूस गांवांत आहेच, दुसऱ्याची गरज नाहीं.

आतां पोटाची गोष्ट. ह्या कामांत शिरण्याच्या वाटा तीन. पहिली, दहावी झालेल्यांसाठीं. विधी सेवा प्राधिकरण आपल्यासारख्याच लोकांतून पॅरा लीगल स्वयंसेवक निवडतें आणि त्यांना शिकवतें. ही योजना २००९ पासून आहे. त्यांत पगार नाहीं, कामाच्या दिवसाचें मानधन असतें. पण कोर्ट, ठाणें आणि तुरुंग ह्यांची रीत कळते. दुसरी वाट संस्थांची. बारावीनंतर बी. एस. डब्ल्यू., किंवा कोणतीही पदवी घेऊन दोन वर्षांचा एम. एस. डब्ल्यू. केला, कीं सामाजिक कार्यकर्ता म्हणून तेथें जागा मिळूं शकते. मुंबईची टाटा संस्था १९३६ पासून हें शिक्षण देत आहे. मुंबईंतच निर्मला निकेतन आणि पुण्यांत कर्वे समाजसेवा संस्था आहे. तिसरी वाट सरकारी: परिवीक्षा अधिकारी, बालकांच्या संस्थांतले अधिकारी, तुरुंगांतल्या कल्याणाच्या जागा. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानें १८ वर्षें पुरीं होऊन संस्थेंतून बाहेर पडणाऱ्या मुलांनाही २१ वर्षांपर्यंत मदत करतां येते, म्हणजे तेथेंही माणसें लागतातच.

खोटी आशा आम्ही लावणार नाहीं. सरकारी जागा थोड्या आहेत. संस्थांतल्या पुष्कळ जागा कराराच्या असतात. देणगी आटली कीं नोकरी आटते. एवढ्यासाठीं शेत विकून पदवी घेऊं नका. शिष्यवृत्तीची चौकशी करा, आणि आधीं सहा महिने स्वयंसेवक होऊन हें काम आपल्या मनाला पटतें कीं नाहीं तें पाहा. ह्या कामाला कठीण मनही लागतें. वर्षभर सांभाळलेला माणूस एका रात्रींत पुन्हां पिऊन पडतो. त्याला टाकून देणारा येथें टिकत नाहीं, आणि त्याचें खोटें झांकणारा तर त्याहून वाईट. ज्याचें नुकसान झालें त्याच्या दाराशीं सुटलेल्याला जबरदस्तीनें नेऊं नये. त्याची भीतीही खरी असते. कैद्याच्या घरच्यांकडून चहासुद्धां घेतांना विचार करावा, आणि एकाचें गुपित चावडीवर बोलूं नये. जो उपकार करून सावकारासारखा वसूल करतो, त्यानें दुसरें कांहीं तरी करावें.

पण एक भांडवल तुमच्या मुलांपाशीं आहे, आणि तें शहरांतल्या पदवीधरापाशीं सहसा नसतें. सातबाऱ्यावर नांव कसें लागतें, रेशनकार्डांतून नांव कमी झालें तर कोणत्या टेबलाशीं जावें, ऐपतीचा दाखला कोण देतो, सुगी केव्हां असते, रुसलेल्या भावाला कोणाच्या शब्दानें आणावें, हें तीं लहानपणापासून पाहत आलीं आहेत. ह्यांत कायदा आणि टिपण ठेवण्याची शिस्त ह्यांची भर पडली, कीं उत्तम कार्यकर्ता तयार होतो. मुलींनींही मागें राहूं नये. सुटून आलेल्या बाईला घर बहुधा दार लावून घेतें. तिच्याशीं मन मोकळें करणारी बाईच पाहिजे.

शेवटीं, ज्यांना हा धंदा करायचा नाहीं त्यांनाही थोडें सांगतों. २०२३ सालीं केंद्र सरकारनें गरीब कैद्यांसाठीं योजना काढली. तेव्हां कच्च्या कैद्याच्या जामिनासाठीं ४०,००० रुपयांपर्यंत मदतीची मर्यादा ठेवली होती. आपल्या गांवचा कोणी पैशावांचून आंत अडकला असेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. १५१०० ह्या क्रमांकावर फोन करा. ज्या मुलाचा बाप तुरुंगांत आहे त्याच्यासाठीं बालसंगोपन योजनेची चौकशी करा. सुटलेला माणूस दाखला मागायला आला, तर त्याला "उद्यां ये" म्हणूं नका. शाळेच्या रजिस्टरांत त्याच्या नांवाची एक ओळ असते, आणि पुष्कळदां त्याच ओळीवरून त्याचे पुढचे सगळे कागद उभे राहतात. आम्ही मास्तरांनीं ती त्याच दिवशीं काढून द्यावी. आणि तुमच्यापैकीं ज्याच्या मळ्यांत, भट्टीवर किंवा दुकानांत एका माणसाचें काम असेल, त्यानें महिनाभर तरी त्याला रोजावर घेऊन पाहावें. मजुरी मात्र इतरांइतकीच द्यावी.

ज्या मुलामुलींना ह्या वाटेनें जावेंसें वाटतें, त्यांनीं सभा संपल्यावर थांबावें. अर्ज कसा करायचा तें आम्ही बसून सांगूं.