ज्वाळेतला नत्र

परळीच्या थर्मलचा, म्हणजे औष्णिक वीज केंद्राचा, विषय निघाला की आपण राखेपासून सुरुवात करतो. साहजिकच आहे. राख दिसते, वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते. आज मला बोलायचंय ते न दिसणाऱ्या वायूंबद्दल, नत्राच्या ऑक्साइडांबद्दल. धुराड्यातून निघताना ते बहुतांशी रंगहीन असतात. पुढे उन्हात त्यांच्यापासून जमिनीलगत ओझोन तयार होतो. तो आपल्या छातीत जातो, तसाच सोयाबीनच्या पानांतही शिरतो आणि पीक खुंटवतो.

हवेत ७८ टक्के नत्र आहे. एरवी तो कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण जाळ सुमारे १,५०० अंशांपलीकडे गेला की तो ऑक्सिजनशी जुळतो. आकाशात वीज कडाडते तेव्हाही हेच घडतं. कोळशाच्या भट्टीत मात्र निम्म्याहून अधिक ऑक्साइड होतात ते कोळशाच्या अंगच्याच नत्रापासून. म्हणून नुसता जाळ मंद करून भागत नाही. हवा कुठे आणि किती द्यायची, हे ठरवावं लागतं.

बर्नरपाशी हवा जरा तुटपुंजी ठेवायची. कोळशातून सुटलेल्या नत्राला तिथे ऑक्सिजन मिळत नाही, तो आपसांत जुळून पुन्हा निरुपद्रवी होतो. उरलेली हवा वरच्या झरोक्यांतून सोडायची, म्हणजे जळण पूर्ण होतं. हात मात्र बेताचा हवा. हवा फार तोडली तर राखेत न जळलेला कार्बन उरतो, आणि तशी राख सिमेंटला चालत नाही.

एवढ्यानं भागलं नाही तर युरिया. होय, आपण कापसाला टाकतो तोच. त्याचं द्रावण ८५० ते १,१०० अंशांच्या पट्ट्यात फवारलं की ऑक्साइडांचा नत्र आणि वाफ होते. त्याहून थंड जागी फवारलं तर अमोनिया तसाच निसटतो. उत्प्रेरक बसवला तर ८०-९० टक्के घट साधते, पण आपल्याकडच्या कोळशात राख ३०-४० टक्के; ती उत्प्रेरकाला घासून काढते.

डिसेंबर २०१५च्या केंद्रीय अधिसूचनेनं २००४ ते २०१६ दरम्यानच्या संचांना घनमीटरमागे ३०० मिलिग्रॅमची मर्यादा घातली. परळीचे ६, ७ आणि ८ क्रमांकाचे संच याच गटातले. २०२० मध्ये ती ४५० केली गेली. ही ढील मला मान्य नाही. पण उपाय निवडताना पाण्याचं भानही ठेवायला हवं. २०१३च्या दुष्काळात पाण्यावाचून अख्खं थर्मल बंद पडलं होतं, ते आपण पाहिलंय. इथे पाणी मागणारा प्रत्येक उपाय दहादा तपासावा लागतो. हवेची ही फेरमांडणी पाणी मागत नाही; म्हणून परळीत सुरुवात तिथूनच व्हावी.

धुराड्यावरच्या मापकाचा रोजचा आकडा थर्मलच्या फाटकावर मराठीत लागावा, एवढी मागणी आपण ग्रामसभेत ठराव करून नेऊ. मसुदा मी लिहून आणला आहे. सभा संपल्यावर वाचून घ्या.