डॉ. एडवर्ड ट्रुडो : क्षयरुग्णांचा सेवाव्रती



रोगी व थकलेल्या साधकांची सेवा म्हणजे वैयावृत्त्य. जैन धर्माने त्याची गणना अंतरंग तपात केली आहे आणि औषधदानाला चार दानांत स्थान दिले आहे. या मूल्यांशी नाते सांगणारे एक जीवन दूर अमेरिकेत होऊन गेले. ते म्हणजे डॉ. एडवर्ड लिव्हिंगस्टन ट्रुडो यांचे.

१८४८ साली न्यूयॉर्क येथे त्यांचा जन्म झाला. १८६५ मध्ये थोरल्या बंधूस क्षयाने ग्रासले. खिडक्या कदापि उघडू नयेत, असा त्या काळच्या वैद्याचा सल्ला होता. त्या कोंदट खोलीत तरुण एडवर्डने अखेरपर्यंत भावाची शुश्रूषा केली. परंतु भाऊ वाचला नाही. पुढे १८७१ मध्ये ते वैद्यकीय पदवीधर झाले आणि अवघ्या दोन वर्षांत, १८७३ साली, त्यांना स्वतःलाच क्षय झाल्याचे निदान झाले.

अखेरचे दिवस निसर्गात घालवावेत, या हेतूने ते अॅडिरॉंडॅकच्या अरण्यात गेले. तेथील मोकळ्या हवेत त्यांच्या प्रकृतीस उतार पडला. आपल्याला लाभलेले हे जीवदान गरिबांनाही लाभावे, हा ध्यास त्यांनी घेतला. सॅरनॅक लेक येथील वाटाड्यांनी व रहिवाशांनी सोळा एकर जमीन विकत घेऊन त्यांना दिली. १८८५ मध्ये तेथे एका खोलीची छोटी लाल कुटी उभी राहिली. कारखान्यात राबणाऱ्या दोन बहिणी तिच्यातील पहिल्या रुग्ण होत्या. रुग्णांकडून खर्चापेक्षाही कमी रक्कम घेतली जाई. उरलेला भार दानशूरांच्या देणग्यांवर चाले. डॉक्टर स्वतः वेतन घेत नसत.

१८८२ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू शोधल्याचे कळताच ट्रुडो यांनी घरातच प्रयोगशाळा थाटली. १८९३ हे वर्ष मात्र क्रूर ठरले. लाडक्या कन्येचा क्षयानेच अंत झाला आणि आगीत घरासह प्रयोगशाळाही भस्मसात झाली. तरीही १८९४ मध्ये त्यांनी दगडी बांधणीची नवी प्रयोगशाळा उभारली. १९०४ साली क्षयनिवारणासाठी स्थापन झालेल्या अमेरिकेच्या राष्ट्रीय संघटनेचे ते पहिले अध्यक्ष झाले. १९१५ मध्ये त्याच व्याधीने त्यांचे देहावसान झाले.

पुढे स्ट्रेप्टोमायसिन व इतर औषधे आली आणि १९५४ मध्ये ते आरोग्यधाम बंद झाले. आज नियमित औषधांनी क्षय बरा होतो. तथापि अनेक घरांत, विशेषतः विवाहयोग्य कन्येच्या बाबतीत, हा आजार लपविला जातो. थोडे बरे वाटताच औषध अर्धवट सोडले जाते आणि रोग अधिक बळावतो. ज्या काळी औषध नव्हते, त्या काळी ट्रुडो यांनी रुग्णास आसरा, पोषक आहार व धीर दिला. औषध हाती असताना रुग्णास लोकलज्जेच्या बंद खोलीत कोंडणे, हे अहिंसेच्या उपासकांना शोभणारे नाही. ती खिडकी उघडणे, हेच आजचे वैयावृत्त्य होय.

जय जिनेंद्र!