पाहुणा कसा असावा



तुमच्या शाळेच्या निमंत्रणपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘प्रमुख पाहुणे’ असं छापलंय. पण पाहुण्याने कसं वागावं, हे मी शिकलो ते स्वालबार्डला. नॉर्वेच्या उत्तरेचा हा द्वीपसमूह ७४ ते ८१ अंश उत्तर अक्षांशांत पसरलाय. उन्हाळ्यात तिथे काही महिने सूर्य मावळतच नाही.

पहिला धडा दारातच मिळाला. लाँगइयरब्येन गावात हॉटेलातही बूट काढून आत जायचं. कोळसा खाणींच्या दिवसांतली ही प्रथा. मला आजी आठवली!

गावाबाहेर वाटाड्याच्या खांद्यावर बंदूक असते, पांढऱ्या अस्वलाच्या धोक्यामुळे. पण अस्वल दिसलं, तर वाट बदलायची ती आपण. घर त्याचं आहे.

टुंड्रावर पाय शेवाळात रुततो. खाली जमीन बारमाही गोठलेली; उन्हाळ्यात वरचाच थर वितळतो, पाणी खाली मुरत नाही. वाटाड्याने मला वाकायला लावलं. माझ्या बुटाशी नखाएवढ्या पानांचं झुडूप होतं, ध्रुवीय विलो. मी जंगल शोधत होतो आणि जंगल पायाखाली होतं! तिथे उमटलेली चाकोरी कित्येक दशकं बुजत नाही.

त्या बेटांवर उंच झाड एकही नाही, तरी किनाऱ्यावर ओंडके पडलेले. सैबेरियातल्या नद्यांनी समुद्रात लोटलेले, बर्फासोबत वाहत आलेले. जवळच सुरय पक्ष्यांची घरटी होती. पक्षी थेट डोक्यावर झडप घालतात. म्हणून काठी उंच धरायची. मारायला नव्हे, ते सर्वांत उंच टोकावर चोच मारतात म्हणून. हेच पक्षी दरवर्षी अंटार्क्टिकापर्यंत जाऊन परततात.

आणि तिथला नियम असा, की १९४६ पूर्वीचा माणसाचा कुठलाही अवशेष, अगदी गंजका खिळासुद्धा, हलवायचा नाही.

स्वालबार्डच्याच न्यू-ओलेसुंड वस्तीत २००८पासून भारताचं ‘हिमाद्री’ संशोधन केंद्र आहे. त्याचा कारभार गोव्यातून चालतो. तुम्हा विद्यार्थ्यांपैकी कुणी उद्या तिथे जाईलही.

पण त्याआधी, पुढच्या महिन्यात तुमची सहल गडावर जाणार, असं मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या. तिथल्या दगडावर नाव कोरू नका, फूल तोडू नका, खाऊचा कागद खिशात ठेवा. गड आपलाच आहे. तरी पाहुण्यासारखे जा.